'काही लागलं तर सांगजा' म्हणते, पण वहिनी काही सांगतच नाही. मदत करू तरी कशी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 41, माहेर-सासर दोन्ही याच जिल्ह्यात, एसटीनं तासाभराचा रस्ता. माहेरी आई (वय 72), मोठा भाऊ, वहिनी आणि दोन मुलं, त्यातली मोठी यंदा दहावीला. सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत, तो महिन्याला 5000 रुपये पाठवतो. दीड वर्षापूर्वी आईला नागपूरला दाखवलं, अल्झायमरचा डिमेन्शिया निघाला, म्हणजे विसरत जाण्याचा मेंदूचा आजार. तेव्हापासून आईचं सगळं वहिनीच करते. आई मात्र आल्या-गेल्याला सांगते, "माही एकदानी इनं चोरली, मले जेवाले देत नाही." एकदा ताईंनीही वहिनीला विचारलं, आईच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी कुठं ठेवली म्हणून, आणि तेव्हापासून वहिनी कामापुरतंच बोलते. ताई लिहितात, "मी महिन्यातून एकदा जाते तेव्हा आई छान बोलते, ओळखते, एवढी काही बिघडलेली वाटत नाही. वहिनीला दर वेळी म्हणते काही लागलं तर सांगजा, ती म्हणते काही नाही. आईला दोन महिने माझ्याकडे आणू का? आणलं तर वहिनीला राग येईल का? की मी लेक आहे, मधे पडूच नये?"

ताई,

आधी एकदाणीचं बोलू. तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन जातं, पण मला वाटतं पुढचं सगळं तिथंच अडलंय.

वस्तू चोरीला गेली असं वाटणं हे या आजाराचं अगदी नेहमीचं लक्षण आहे. मेंदूतला नवीन आठवण साठवून ठेवणारा भाग यात लवकर बिघडतो, जुन्या आठवणी बऱ्याच काळ टिकतात. म्हणजे आपल्याकडे एकदाणी होती, लग्नात घातली होती, हे आईला पक्कं आठवतं, पण काल दुपारी ती काढून फडक्यात बांधून तांदळाच्या कोठीत घातली हे आठवतच नाही. मग मन आपलंच काहीतरी जुळवतं, की कोणीतरी नेली. आणि नेणारं कोण? जे माणूस दिवसभर डोळ्यासमोर असतं, कपाट उघडतं, अंथरूण काढतं, तेच. पुण्याच्या भावावर आई कधी आळ घेणार नाही कारण तो तिथं नाहीच. जो सगळ्यात जास्त करतो त्याच्याच वाट्याला हे येतं, आणि हे अनेक घरांत असंच घडतं. जेवायला देत नाही याचंही तेच, आई जेवते आणि अर्ध्या तासात जेवलेलं विसरते. ती खोटं बोलत नाही, तिच्यापुरतं ते खरंच आहे. पण वहिनीनं तिला भरवलंय हेही तितकंच खरं आहे, आणि हे खरं मोठ्यानं सांगणारं कोणी सध्या वहिनीच्या बाजूनं दिसत नाही.

आता तुम्ही लिहिलंय की आई एवढी बिघडलेली वाटत नाही. ताई, तुम्ही किती वाजता जाता? माझा अंदाज, सकाळची गाडी धरून अकरापर्यंत पोचत असाल आणि चार-साडेचारच्या गाडीनं परत, कारण घरी स्वयंपाक असतो. म्हणजे तुम्हाला आई भेटते ती तिच्या दिवसाच्या बऱ्या वेळेत. शिवाय पाहुणं आलं की हे पेशंट स्वतःला सावरून घेतात, या-बसा, पोरं कशी आहेत, चहा ठेव गं, ही जन्मभराची सवय लवकर जात नाही. ओळखीच्या जुन्या गोष्टी निघाल्या की तासभर गप्पा रंगतात. त्यात ती खूप दमते, आणि तुमची एसटी निघून गेली की संध्याकाळ सुरू होते.

दिवेलागणीला या आजारात अस्वस्थपणा वाढतो, डॉक्टरलोक त्याला सनडाउनिंग म्हणतात. आई उठते आणि म्हणते, "मले घरी जाचं हाय." हे तिचं घर बहुतेक तिच्या माहेरचं, पन्नास वर्षांपूर्वीचं. आणि हीच वेळ वहिनीची कशी असते बघा, वावरातून आलेली, गोठ्यात गाय ओरडतेय, नळ नुकताच आलाय, तव्यावर पोळी, पोरगी अभ्यासाला बसली, भाऊ अजून यायचा आहे, आणि सासू फाटकाची कडी काढून रस्त्यावर. रस्त्याच्या पुढं वावर, वावरात बिनकठड्याची विहीर. तव्यावरची पोळी तशीच टाकून, पीठाच्या हातानं पळत जाऊन तिला समजावून परत आणायची, तिनं वाटेत चार लोकांसमोर "हे मले कोंडून ठेवते" म्हणायचं, आणि रात्री दोनला परत हेच. तुम्ही माहेरी, आईच्या खोलीत, शेवटची रात्र कधी काढली? रागवू नका, हे विचारतेय कारण तुमच्या बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या एका रात्रीत बरीचशी मिळतील.

मग "काही लागलं तर सांगजा" याला वहिनी काही नाही का म्हणते? एक तर तुम्ही तिच्या सासूची लेक. तुमच्यापुढं "मला होत नाही" म्हटलं की आपल्याकडे त्याचा अर्थ लगेच "सून करायला तयार नाही" असा होतो, आणि ती बातमी चार गावं फिरते. दुसरं, एकदाणीच्या प्रश्नानंतर ती तुमच्याजवळ मन कशाला मोकळं करेल? आणि तिसरं लोकांच्या लक्षात येत नाही, रात्र रात्र न झोपलेल्या माणसाला आपल्याला नेमकं काय हवंय हे शोधून, ते कोणाला जमेल याचा विचार करून, वरून तोंड उघडून मागणं हेसुद्धा एक कामच असतं. तिच्याकडे तेवढं त्राण उरलेलं नाही. म्हणून विचारू नका. काम उचला आणि दिवस सांगा. "वहिनी, दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी मी येणार, रविवारी दुपारी जाणार, दोन्ही रात्री आईजवळ मी झोपणार, तुम्ही पोरीच्या खोलीत झोपा, आईनं हाक मारली तरी उठू नका." एवढं ठरलेलं असलं की तिला महिनाभर त्या दोन रात्रींचा आधार असतो. आणि ठरवलं की मोडू नका, तुमच्याकडे पाहुणे आले तरी, कारण मोडलेला शब्द तिला न दिलेल्या शब्दापेक्षा जास्त लागेल.

पण त्याआधी माफी. सरळ शब्दात, भाऊ समोर असताना. "वहिनी, मी एकदाणीचं विचारलं ते चुकलं माझं. तो आईचा आजार बोलत होता आणि मी तुमच्यावर शंका घेतली." बस एवढंच, पुढं "पण" लावू नका, "मला माहीत नव्हतं ना" पण नको. आणि आईनं जिथं जिथं हे सांगितलंय, मावशी, काकू, शेजारच्या घरी, तिथंही तुम्हीच बोला. कोणाच्या तेरवीला, लग्नात बायका वहिनीकडे बघून कुजबुजल्या की तुम्ही म्हणायचं, "आईला मेंदूचा आजार आहे, नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलंय, आणि वहिनी करते म्हणून आई आज नीट आहे." सुनेनं स्वतः कितीही सांगितलं तरी लोकांना ती सारवासारव वाटते, लेकीनं एकदा सांगितलं की तोंडं बंद होतात. तुमच्या हातात असलेली ही सगळ्यात मोठी मदत आहे, तिला पैसा लागत नाही आणि ती दुसरं कोणी करूच शकत नाही. मधे पडू की नको या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर पण हेच, जरूर पडा, पण वहिनीच्या बाजूनं.

आईपुढं मात्र एकदाणीवरून वाद घालायचा नाही. "तूच ठेवली असशील, आठव जरा" म्हटलं की ती चिडते, कारण तिला आठवणारच नाही. "चाल आई, आपण दोघी शोधू" म्हणा, शोधता शोधता तिच्या लग्नाचं विचारा, पाच मिनिटांनी विषय बदललेला असतो. खरी एकदाणी भावाजवळ कुलुपात ठेवा आणि तिच्यासारखी दिसणारी साधी एक बाजारातून आणून आईच्या डब्यात ठेवा. ही फसवणूक होते का असं मनात येईल, मला तरी वाटत नाही, तिला तो डबा उघडून बघितल्यावर जी शांतता मिळते ती खरी आहे.

आता तुमच्या दोन महिन्यांचं. भावना कळते, लेकीचा जीव आहे. पण नीट विचार करा. नवीन घरात या पेशंटला रात्री संडास कुठं, दार कुठं हे सापडत नाही, गोंधळ वाढतो, पडण्याची भीती वाढते. स्वतःच्या घरात पाय सवयीनं न्हाणीकडं वळतात, तुमच्याकडं वळणार नाहीत. दोन महिन्यांनी परत नेलं की तिथली घडी पुन्हा नव्यानं बसवावी लागेल, आणि ती कोण बसवणार, वहिनीच. शिवाय तुमच्या घरी मामाजी, आत्याबाई असतील, त्यांची तयारी आहे का, दुपारी तुम्ही वावरात गेल्यावर आईजवळ कोण? काही घरांत हे निभतं, अगदीच अशक्य आहे असं म्हणणार नाही, आणि वहिनी आजारी पडली, तिचं ऑपरेशन निघालं तर आणावंच लागेल, म्हणून तयारी ठेवा, आईची गोधडी, तिची वाटी-ताटली, गोळ्यांची चिठ्ठी सगळं सोबत येईल असं. पण मनात "माझ्याकडे आई सुधारेल, मी नीट सांभाळीन" असं काही असेल तर ते काढून टाका. वहिनीला राग येईल तो आई नेल्याचा येणार नाही, त्यातून निघणाऱ्या या अर्थाचा येईल.

आईला आणण्यापेक्षा तुम्ही तिथं जाणं सोपं. त्यातही वेळ निवडा. दिवाळीनंतर वेचणी जोरात असते तेव्हा भाऊ-वहिनी दोघंही वावरात लागतात, मजूर मिळत नाही, आणि आईला एकटी ठेवता येत नाही म्हणून वहिनीची ओढाताण सगळ्यात जास्त तेव्हाच. तुमच्याकडेही कापूस असेल, मान्य, पण घरच्यांशी बोलून त्या दिवसांत सलग आठवडाभर जमत असेल तर बघा. छोटा वाटाही चालतो, म्हणजे दर महिन्याला बचत गटाची मीटिंग असते ना, त्या दिवशी दुपारी तुम्ही किंवा शेजारची एखादी बाई आईजवळ, आणि वहिनी मीटिंगला. ती कधीपासून गेलेली नाही हे पोरीला विचारा, ती सांगेल.

आणि एक विचारू? वहिनीचं माहेर कुठं आहे? ती तिथं मुक्कामी शेवटची कधी गेली होती? तिलाही आई असेल, तीही म्हातारी होत असेल. तुम्हाला तुमच्या आईची ओढ आहे, तिला तिच्या आईची आहे, फक्त ती एसटीत बसू शकत नाही कारण तुमच्या आईला सोडता येत नाही. चार दिवस तुम्ही माहेरी राहा आणि तिला तिच्या माहेरी पाठवा. फोन करून गोळी कुठं, डबा कुठं विचारू नका, आदल्या दिवशी सगळं वहीत लिहून घ्या. जाताना तिला अवघडल्यासारखं होईल, नको नको म्हणेल, भावाकडून तिकीट काढून घ्या.

जाताना तुम्ही फळं, बिस्किटं नेत असाल. त्यापेक्षा आईसाठी समोरून बटणाचे दोन-तीन गाऊन न्या, साडी सांभाळणं आता तिला जमत नाही आणि रात्री ओली साडी सोडवणं दोघींनाही जड जातं. गादीखाली टाकायला रबरी चादर, न्हाणीच्या वाटेवर लावायला झिरोचा बल्ब, फाटकाला वरच्या बाजूनं एक जास्तीची कडी. आईच्या गळ्यातल्या दोऱ्यात किंवा ब्लाऊजच्या आत कापडाच्या पट्टीवर भावाचा मोबाईल नंबर शिवून टाका. चौकातल्या चहावाल्याला, किराणावाल्याला, शेजारच्या वावरातल्या माणसाला सांगून ठेवा, म्हातारी एकटी दिसली तर ओरडू नका, गोड बोलून बसवा आणि फोन करा. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी शेजारी असाल तर तुमच्यासाठीही हेच. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सात जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला, देशात मिळून 88 लाख, आणि शहरापेक्षा खेड्यात, पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त. म्हणजे तुमच्या गावातही अशी घरं आहेत, फक्त "म्हातारपणामुळं चळलं" किंवा "बाहेरचं झालं" म्हणून दाराआड आहेत. कोणी अंगारा लावला तर लावू द्या, त्यानं काही बिघडत नाही, पण गोळ्या बंद करा म्हणणारा, मारझोड करून बाधा काढतो म्हणणारा दारातूनच परत पाठवायचा, आणि सून हे बोलली तर वाईट होते म्हणून तेही लेकीनंच बोलायचं.

दवाखान्याचं काम तुम्ही पूर्ण अंगावर घेऊ शकता. तपासणीच्या तारखेला तुम्ही न्या, भावाचं वावर आणि वहिनीचं घर चालू राहील. फक्त डॉक्टरपुढं आई पुन्हा छान बोलणार आणि त्यांना दोन मिनिटांत खरं चित्र दिसणार नाही, म्हणून भाचीला सांगा, संध्याकाळचे एक-दोन व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेव, फक्त डॉक्टरला दाखवायला, बाकी कोणाला पाठवायचे नाहीत. बी-12 आणि थायरॉईड तपासलंय का ते विचारा, त्यांच्या कमतरतेनंही विसरभोळेपणा वाढतो आणि त्याला उपाय असतो. सुरू असलेल्या गोळ्यांनी आजार बरा होणार नाही, काही लोकांना काही काळ थोडा फरक पडतो, ही अपेक्षा घरात सगळ्यांना माहीत असू द्या. वैतागून मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ नका, तिनं गोंधळ वाढतो आणि म्हातारं माणूस पडतं. आणि हे लक्षात ठेवा, हा आजार हळूहळू वाढतो, एक-दोन दिवसांत आई एकदम भ्रमिष्टासारखी वागायला लागली किंवा पडूनच राहिली तर ते डिमेन्शियाचं म्हणून सोडून देऊ नका, लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवीन सुरू झालेली एखादी गोळी असं काहीतरी असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. आपल्याकडचा मे महिना तर माहीतच आहे, तहान लागली हे तिला सांगता येत नाही, दर तासा-दीड तासानं हातात ग्लास द्यावा लागतो.

वहिनीचा बीपी शेवटचा कधी बघितला? आईला नेताना तिचाही तपासून घ्या, पुढच्या खेपेला तिला सोबत न्या. ती सारखी रडत असेल, झोप उडाली असेल, आईवर हात उगारला गेला असेल तर तिला रागावू नका, ती वाईट बाई नाही, तिची ताकद संपलीय, त्याच दिवशी तिला आईपासून मोकळी करा. "मरून जावंसं वाटतं" असं एकदा जरी तोंडून निघालं तर ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडू नका, तिला एकटी ठेवू नका, दवाखान्यात न्या. टेली-मानसचा 14416 हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं, आणि तो पेशंटइतकाच सांभाळणाऱ्यासाठीही आहे. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत योजना, कायदा, मदत काहीही विचारायचं असेल तर 14567 ही एल्डरलाइन आहे, सकाळी 8 ते संध्याकाळी 8.

राहिला पुण्याचा भाऊ. तो 5000 पाठवतो, चांगलं आहे, पण ते मोठ्या भावाच्या खात्यात येऊन खत-बियाण्यात मिसळून जातात की काय, बघा. त्यापेक्षा गावातलीच एखादी बाई अर्ध्या दिवसासाठी, दुपारी चार ते आठ, आईजवळ बसायला लावा आणि तिचा पगार त्यानं थेट द्यावा, वहिनीला हिशोब ठेवावा लागू नये. कागदपत्रंही त्याच्याकडे द्या, ती फोनवरून बरीच होतात. आईचं श्रावणबाळचं 1500 चं मानधन असेल तर त्याचा दरवर्षीचा हयातीचा दाखला, बँकेचं केवायसी, सत्तरीच्या पुढच्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड, त्यात वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात पण भरती झाल्यावर, महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत. जमीन आईच्या नावावर असेल तर एक सांगते, आईची समज गेली की तिनं दिलेलं मुखत्यारपत्र कायद्यानं टिकत नाही, आणि तिला कळत नसताना कशावरही अंगठा घेणं हे पुढं तिन्ही भावंडांना कोर्टात नेईल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, तिथं तुम्ही स्वतः जाऊन विचारा.

दिवाळीला तो येईल तेव्हा पाहुण्यासारखं येऊ देऊ नका. आत्ताच फोन करून सांगा की चार दिवस आईचं सगळं त्याच्याकडे, आंघोळ, जेवण, रात्रीचं उठणंसुद्धा, आणि त्या चार दिवसांत वहिनीला तिच्या माहेरी पाठवायचं ठरलंय.